आधी सायलेन्सरला हात लावून बघा

वाचकांचे प्रश्न : वापरलेली जर्मन स्पोर्ट्स कार

या वेळी आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं पोर्शे ९११ बद्दलची आहेत, उरलेली बीएमडब्ल्यू एम३ आणि मर्सिडीझ एसएलबद्दलची. नवी असताना जिच्याकडे नुसतं बघत राहायचं, ती गाडी पंधरा-वीस वर्षांनी आवाक्यात येते आणि माणूस हरखून जातो. हरखावंच. मी सव्वीस वर्षं या गाड्यांखाली झोपून, हातात दिवा धरून, घेणाऱ्यांसाठी त्या तपासत आले आहे. तरी सहा सिलिंडरचं थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा आजही माझं हातातलं काम थांबतं. पत्रं लिहिणाऱ्यांची ओढ मला कळते. म्हणूनच काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : ताई, २००३ ची पोर्शे ९११, म्हणजे ९९६ या क्रमांकाच्या पिढीतली, बघून आलो. रंग, आतलं चामडं, सगळं मनात भरलं. पण ज्याला विचारावं तो म्हणतो की या इंजिनातलं एक बेअरिंग तुटतं आणि अख्खं इंजिन भंगारात जातं. घेऊ की नको, एका शब्दात सांगा.

उत्तर : एका शब्दात सांगितलं तर तुमचं नुकसान होईल. थोडं ऐकून घ्या.

१९६३ मध्ये जगासमोर आलेल्या ९११ चं इंजिन पुढे तीस-पस्तीस वर्षं हवेनं थंड होत होतं. ९९६ बरोबर पाण्यानं थंड होणारं नवं इंजिन आलं. त्यात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, खाली एक मधला शाफ्ट आहे, इंटरमीडिएट शाफ्ट. क्रँकशाफ्ट त्याला फिरवतो आणि तो साखळ्यांनी दोन्ही बाजूंच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टना फिरवतो. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका बंद बॉल बेअरिंगवर टेकलेलं असतं. वर्षं सरली की बेअरिंगचं सील थकतं, आतलं ग्रीस धुऊन जातं आणि इंजिनातलं मळकं ऑइल आत शिरून बसतं. गोळ्या झिजल्या की शाफ्ट जागा सोडतो, साखळीचं टायमिंग चुकतं आणि पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. बिघाड मुठीत मावेल एवढ्या वस्तूचा, पण हानी सगळ्या इंजिनाची. लोक घाबरतात ते उगाच नाही.

आता तुमच्या गाडीचं वर्ष. साधारण २००० पर्यंतच्या इंजिनांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बरंच टिकाऊ निघालं. त्यानंतर २००५ पर्यंत एका रांगेचं आलं, आणि सगळ्यात नाजूक तेच. अमेरिकेत याच प्रश्नावर मालकांनी एकत्र दावा लावला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. तीही याच काळातल्या गाड्यांपुरती. पुढे २००८ पर्यंत मोठं बेअरिंग आलं. ते सहसा जात नाही, पण बदलायचं म्हटलं तर इंजिनाचे दोन भाग उघडावे लागतात. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या इंजिनात हा शाफ्टच नाही. ९९६ टर्बो आणि जीटी३ यांची इंजिनं पोर्शेचे अभियंते हान्स मेझगर यांच्या जुन्या रचनेची, त्यांना हा आजार नाही.

म्हणजे तुमची गाडी नाजूक वर्षांतली आहे. म्हणून सोडून द्या असं मी म्हणणार नाही. विक्रेत्याला एकच विचारा : बेअरिंग बदललं आहे का, आणि असेल तर बिल कुठे आहे? तोंडी होकार मोजू नका. बिलावर गाडीचा चासी नंबर, तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर हवेत. बदललं नसेल तर ऑइल फिल्टर काढून, कापून, त्याची घडी उलगडून उजेडात धरा. चकचकीत कण दिसले आणि ते लोहचुंबकाला चिकटले, तर नमस्कार करून परत या. फिल्टर स्वच्छ असेल आणि क्लच संपत आलेला असेल, तर मला उलट बरं वाटतं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तो उतरला की बेअरिंग समोरच दिसतं. क्लच, बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचं मागचं सील ही तिन्ही कामं एकाच मजुरीत होतात. तो खर्च विचारून घ्या, किमतीतून वजा करायला सांगा आणि व्यवहार झाल्याबरोबर काम करा. पुढच्या उन्हाळ्यावर ढकलू नका.

प्रश्न : २००७ ची ९११, पुढच्या ९९७ पिढीतली, ३.८ लिटर. इंजिन गरम असताना टकटक आवाज येतो. विक्रेता म्हणतो, या गाड्यांचा आवाजच तसा. सायलेन्सरच्या मागच्या नळ्यांपैकी एका बाजूच्या जास्त काळ्या आहेत. काळजीचं आहे का?

उत्तर : आहे. थांबा, पैसे देऊ नका.

या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर लोखंडी नळी नाही. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळून केलेला पृष्ठभाग आहे आणि त्यावरून वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या कडेला पातळ लेप आहे. हा लेप उडाला की पिस्टन भिंतीला घासतो आणि उभे ओरखडे पडतात. ऑइल वर चढून जळू लागतं. ज्या बाजूचे सिलिंडर खरवडले, त्या बाजूच्या नळ्या जास्त काळ्या होतात. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही खुणा अगदी त्याच आहेत. आवाज टॅपेटचा किंवा इंजेक्टरचाही असू शकतो, म्हणून पाहिल्याशिवाय निकाल देत नाही. पण पाहायचं कसं, ते नीट सांगते, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते.

स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून ‘सगळं ठीक’ असं सांगणारे पुष्कळ आहेत. तिथून भिंतीचा वरचा भाग दिसतो, आणि ओरखडे बऱ्याचदा खालच्या भागात असतात. खालून ऑइलचं तळभांडं उतरवून, प्रत्येक पिस्टन वर नेऊन, कॅमेरा खालून आत घालायला हवा. सहाही सिलिंडरचे फोटो मागा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि विक्रेता कुरकुरेल. त्यानं नकार दिला, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा.

आणखी एक सवय लावून घ्या. गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर इतर काही बघण्याआधी मागे जा आणि सायलेन्सरच्या नळीजवळ तळवा न्या. ऊब लागली, तर कोणीतरी तुमच्या आधी इंजिन तापवून ठेवलं आहे. थंड असेल तर नळीच्या आतून बोट फिरवा. कोरडी राखाडी काजळी चालेल, चिकट काळा थर चालणार नाही. मग इंजिन सुरू करायला सांगा आणि स्वतः मागेच उभ्या किंवा उभे राहा. हे इंजिन आडवं झोपलेलं असतं, त्यामुळे बरेच दिवस उभ्या गाडीतून सुरुवातीला निळसर धुराचा एखादा झोत आला तर घाबरू नका. पांढऱ्या धुराचा ढग उठला आणि तो विरेचना, तर बहुधा इंजिनातली वाफ आणि ऑइल वेगळं करणारा सेपरेटर फाटला आहे. ते बदलता येतं, पण किमतीत धरायला हवं.

प्रश्न : विक्रेत्यानं ‘ओव्हररेव्ह रिपोर्ट’ म्हणून एक कागद हातात दिला. त्यावर नुसते आकडे. हे वाचायचं कसं?

उत्तर : हा कागद स्वतःहून देणारा विक्रेता मला आवडला. फक्त कागदावरचा चासी नंबर गाडीच्या नंबराशी जुळवून घ्या.

इंजिनाचा संगणक ठरावीक आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या, पुढे झालेलं प्रत्येक प्रज्वलन मोजून ठेवतो. २००८ पर्यंतच्या गाड्यांत असे दोन टप्पे आहेत, नंतरच्यांत सहा. जुन्यांतल्या पहिल्या टप्प्याचे आकडे कितीही मोठे दिसले तरी चालतात. कोणीतरी गाडी मनापासून चालवली, एवढंच त्यातून कळतं. दुसरा टप्पा म्हणजे इंजिनाच्या मर्यादेपलीकडे. तिथे ॲक्सिलरेटर दाबून पोचता येत नाही, कारण संगणक इंधन तोडतो. पाचव्यातून चौथ्यात जायच्या ऐवजी चुकून दुसऱ्यात टाकलं, की चाकंच इंजिनाला ओढून तिथे नेतात. सहा टप्प्यांच्या गाडीत चौथ्यापासून पुढचे आकडे गंभीर धरा.

आकडा मोठा दिसतो, म्हणून हिशेब करून बघा. सहा सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात तीनदा प्रज्वलित होतं. ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५ फेरे, म्हणजे ३७५ प्रज्वलनं. तुमच्या कागदावर दुसऱ्या टप्प्यात १२० असतील, तर ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाची चूक आहे. शेजारीच तासांचा आकडा असतो, इंजिन एकूण किती तास चाललेलं असताना ती चूक घडली याचा. त्यानंतर गाडी हजार तास बिनतक्रार चालली असेल, तर मी ती चूक माफ करते. चूक मागच्या वीस तासांतली असेल तर माफ करत नाही.

त्याच कागदातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती मला ओव्हररेव्हपेक्षाही उपयोगी पडली आहे. इंजिन एकूण किती तास चाललं ते त्यावर असतं. मीटरवरच्या किलोमीटरना त्या तासांनी भागा. ६२ हजार किलोमीटर आणि १९०० तास असतील तर सरासरी वेग येतो ताशी ३२-३३ किलोमीटर, पटतं. ४१ हजार किलोमीटर आणि ३१०० तास असतील तर सरासरी येते १३. अशी गाडी एक तर जन्मभर वाहतुकीत अडकून राहिली, नाही तर तिचं मीटर मागे फिरवलं आहे. एकदा माझ्यासमोरच्या गाडीचं स्टिअरिंग घासून गुळगुळीत झालेलं होतं, चालकाच्या बैठकीची कड फाटायला आलेली होती आणि मीटर मात्र जेमतेम वापरलेल्या गाडीचं दाखवत होतं. असा भागाकार करून दाखवल्यावर विक्रेता गप्प झाला. घेणारा तरुण मुलगा रडवेला झाला होता, कारण त्यानं मनानं ती गाडी आधीच घेतली होती. चार महिन्यांनी त्याला दुसरी मिळाली, तिच्यापेक्षा जास्त चाललेली, पण हरएक बिल जपून ठेवलेली.

प्रश्न : बीएमडब्ल्यू एम३ घ्यायची आहे. ई४६ ही जुनी पिढी की ई९२ ही नंतरची?

उत्तर : ई४६ आधी उचलून, खालून बघा. मागचा सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांची यंत्रणा धरणारा सांगाडा, जिथे पत्र्याला बोल्टनं धरलेला असतो तिथे पत्र्याला तडे जातात. आतून पट्ट्या जोडून मजबुती केलेली असेल आणि तिचे फोटो असतील तर उत्तम. ई९२ चं व्ही८ इंजिन ८४०० आरपीएमपर्यंत जातं आणि त्याचा आवाज ऐकलेला माणूस तो विसरत नाही, पण पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची त्याची बेअरिंगं झिजतात. ती मी इंजिनाचा भाग धरतच नाही, टायरसारखी झिजणारी वस्तू धरते. बदलल्याचं बिल नसेल तर बदलायचीच आहेत असं समजून भाव करा. दोन्हींना १०डब्ल्यू-६० ऑइलच हवं आणि ते तापेपर्यंत इंजिनाला जोर देऊ नका. ई४६ च्या आरपीएमच्या तबकडीवर केशरी दिवे असतात, ऑइल तापत जातं तसे ते एकेक विझतात. तेवढी वाट मागचा मालक बघत होता का, हे टेस्ट ड्राइव्हला त्यालाच चालवायला सांगितलं की पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

मला निवडायला सांगितलं तर ई४६.

प्रश्न : ताई, यांना मर्सिडीझ एसएल घ्यायची आहे, २००४ ची, छप्पर आपोआप डिकीत जाणारी. किंमत ऐकून मीही चकित झाले, एवढ्यात तर साधी नवी गाडी येते. मग एवढी स्वस्त का? मी विरोधात नाही, पण घराचा हिशेब माझ्याकडे असतो.

उत्तर : तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे.

गाडीची किंमत दर वर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. ती गाडी नवी असताना ज्या वर्गातली होती, तिचा पंप, तिचा शॉकॲब्सॉर्बर आणि तिचा ब्रेक आजही त्याच वर्गातला आहे. ‘साधी नवी गाडी’ आणि ही गाडी विकत घेताना सारख्या वाटतात, वर्कशॉपच्या दारात त्या सारख्या नसतात.

या पिढीच्या अनेक एसएलमध्ये एबीसी नावाची सस्पेन्शन असते. चारही कोपऱ्यांत हायड्रॉलिक सिलिंडर आणि त्यांना दाब देणारा पंप. दाब २०० बारपर्यंत जातो. वळणावर गाडी झुकतच नाही, अनुभव खरोखर विलक्षण आहे. पण इतक्या दाबाखालचे पाइप वीस वर्षांनी पाझरू लागतात. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी चारही चाकांवरची मोकळी जागा बोटांनी मोजा. एक कोपरा बसलेला दिसला तर दुरुस्तीचा अंदाज हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ब्रेकही साधे नाहीत. पेडल दाबलं की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ब्रेक लावते आणि किती वेळा लावले हे मोजत असते. ठरलेली संख्या भरली की तो भाग बदलावा लागतो. याच ब्रेकसाठी कंपनीनं २००४ मध्ये गाड्या परत बोलावल्या होत्या. ते काम झाल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदांत शोधा. छप्पर साधारण १६ सेकंदांत उघडतं. तीनदा उघडून मिटायला सांगा आणि तेव्हा दोघंही गाडीबाहेर उभे राहून आवाज ऐका.

हिशेब असा ठेवा : जेवढ्याला गाडी घ्याल त्याचा किमान दहावा भाग पहिल्या वर्षासाठी वेगळा काढून ठेवायचा, आणि एबीसी असेल तर पाचवा. एवढं वेगळं काढणं जड जात असेल तर गाडी परवडत नाही, मग तिची किंमत कितीही कमी असो. त्यांना हे तुम्ही सांगितलेलं चालणार नसेल, तर माझं नाव सांगा.

प्रश्न : शेवटी पोर्शे बॉक्स्टर घेतली! आता फक्त खास दिवशी बाहेर काढायची, एरवी कव्हर घालून ठेवायची, असं ठरवलं आहे. वर्षाला हजारभर किलोमीटर. बरोबर ना?

उत्तर : अभिनंदन. आणि नाही, बरोबर नाही.

उभ्या गाडीची रबरं वाळतात, ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो, इंजिनात ओल साठते आणि ती ऑइलमध्ये मिसळते. दहा मिनिटं सुरू करून बंद करणं तर सगळ्यात वाईट. ऑइल तापतच नाही आणि ओल आणखी वाढते. दोन आठवड्यांतून एकदा तरी अर्धा-पाऊण तास चालवा. पहिली पंधरा मिनिटं हलक्या पायानं, मग मोकळेपणानं. ऑइल किलोमीटर न बघता वर्षातून एकदा बदला, ब्रेकचं ऑइल दोन वर्षांनी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा कोड वाचा. शेवटचे चार आकडे २३१५ असतील तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्याच्यावर वेगात भरवसा ठेवायचा नाही. बदलताना पोर्शेनं मान्य केलेले, ‘एन’ आणि पुढे आकडा असलेले घ्या, चारही एकाच कंपनीचे.

पुढच्या बंपरच्या दोन्ही तोंडांत पानं आणि कचरा अडकतो आणि त्यामागे रेडिएटर व एसीचे कंडेन्सर कुजतात. ते साफ करा. आणि कापडी छपराच्या कडेनं पाणी वाहून जाण्याची भोकं तर विसरूच नका. हे मी फार कळकळीनं लिहिते आहे. माझी स्वतःची दोन आसनी कापडी छपराची गाडी होती. घेणाऱ्यांना मी रोज हेच सांगायची, आणि माझ्याच गाडीची भोकं पानांनी बुजलेली आहेत हे दिसत असून दोन आठवडे हात लावला नाही. कामाचे दिवस होते, मोठा पाऊस झाला. सकाळी किल्ली फिरवली तर गाडी मला ओळखेना. बैठकीखालचा गालिचा पिळला तर बादलीभर पाणी निघालं, आणि कुलूप व किल्लीची यंत्रणा सांभाळणारा संगणक त्या पाण्यात बसलेला होता. त्या गाडीनं नऊ वर्षं एकदाही मला रस्त्यात सोडलं नव्हतं. पातळ, लवचिक नळीनं भोक मोकळं करायला पाच मिनिटं लागतात. आज संध्याकाळीच करा.

प्रश्न : सुट्टीवरून आलो, ९९७ ची बॅटरी पूर्ण उतरलेली. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि डिकीचं झाकण विजेवर उघडतं! आता?

उत्तर : किल्लीच्या पात्यानं चालकाच्या बाजूचं दार उघडा. बॅटरी नसल्यानं काच नेहमीसारखी थोडी खाली सरकणार नाही, म्हणून दार हळूच ओढा, नाही तर वरचं रबर फाटेल. चालकाच्या पायाजवळ फ्यूजचा डबा आहे. त्यात एक धन टोक असतं, ते बाहेर ओढा. दुसऱ्या बॅटरीची लाल वायर त्याला लावा, काळी दाराच्या चौकटीतल्या कुलपाच्या उघड्या धातूला. मग झाकणाचं बटण ओढा. या जोडणीनं इंजिन सुरू करायला जाऊ नका. ती फक्त झाकण उघडण्यापुरती आहे. झाकण उघडल्यावर चार्जर थेट बॅटरीला लावा.